झाशीचे पाणी आणि विद्यार्थ्यांची वही

झाशी बुंदेलखंडाच्या ग्रॅनाइट खडकावर वसली आहे. या खडकात पाणी साठते ते केवळ वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. म्हणूनच चंदेल राजांच्या काळापासून या प्रदेशात तलाव बांधले गेले. पर्यावरणासाठी काही करू पाहणाऱ्या तरुणांनी येथे पाण्यापासूनच सुरुवात करावी.

त्यासाठी चौकट तयार आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. झाशीच्या बुंदेलखंड विद्यापीठातही ती चालते. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचे, शिवाय दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर. सात दिवसांत गाळ निघतो, मातीच्या पोत्यांचा वनराई बंधाराही उभा राहतो. रोपाचे तसे नाही. पुढचे दोन-तीन उन्हाळे कोणी पाणी घातले तरच ते जगते. अहवालात लावलेल्या रोपांची संख्या असते, जगलेल्या रोपांची क्वचितच, आणि ही उणीव गंभीर आहे.

त्याहून मोलाचे काम विहिरींच्या नोंदीचे. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर पाण्याची पातळी मोजायला वजन बांधलेली दोरी पुरते. विद्यार्थ्यांची एक तुकडी बाहेर पडली तरी नोंदींची वही पुढच्या तुकडीकडे जाते, आणि काही वर्षांत कोणत्या विहिरी कधी आटतात हे ग्रामसभेला आकड्यांनिशी दाखवता येते. शहरात हीच पद्धत लक्ष्मी तलावाला लागू पडते. तलावाला येऊन मिळणारे नाले कोठून निघतात, कोणत्या महिन्यात किती वाहतात, याचा नकाशा महाविद्यालयीन विद्यार्थी करू शकतात. नगर निगमाकडे मागणी नेताना तोच कामी येतो.