पाहुण्यांचे प्रशस्तिपत्र

परदेशी निवडणूक-निरीक्षकांवर माझा राग आहे, आणि त्याला कारण आफ्रिका खंडातला मलावी देश. २१ मे २०१९ रोजी तेथे मतदान झाले. निरीक्षकांनी रांगा पाहिल्या, बोटांवरची शाई पाहिली आणि दोन-चार दिवसांतच सारे व्यवस्थित पार पडल्याचे प्रशस्तिपत्र दिले. मग निकालपत्रकांवर व्हाइटनर फासून आकडे बदललेले आढळले! प्रकरण धसास कोणी लावले? हरलेले उमेदवार न्यायालयात गेले, लोक महिनोन्महिने रस्त्यावर उतरले, आणि ३ फेब्रुवारी २०२० रोजी पाच न्यायाधीशांनी अध्यक्षपदाची ती निवडणूक रद्द केली. २३ जूनला फेरमतदान झाले. करोनामुळे परदेशी पाहुणे जवळजवळ नव्हतेच. आणि सत्ताधारी अध्यक्ष पडले!

कोणी म्हणेल, चार परके डोळे असले तर बिघडले कुठे? बिघडते ते असे, की प्रशस्तिपत्राआड घोळ लपतो आणि तक्रार करणाराच खोटा ठरतो. लग्नात जेवून गेलेल्याने संसार सुखाचा असल्याची ग्वाही देऊ नये. ज्यांना पहारा द्यायचा आहे त्यांनी त्या पत्रकांपाशी जागावे, आणि शेवटची बेरीज जुळेपर्यंत तोंड मिटून बसावे.