टिपणवही कोणाच्या हाती?



अभियांत्रिकीच्या मुलामुलींचं नेतृत्व व संवादकौशल्याचं शिबिर घेत होते. चारही गटांचे नेते मुलगे. टिपणं काढायला मुली. एकीनं आराखड्यातली चूक दाखवली, कोणी लक्ष दिलं नाही. तीच चूक मुलानं सांगितली तेव्हा फळ्यावर आली.

१९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असं छापलं होतं. सुधा कुलकर्णींनी (आजच्या सुधा मूर्ती) जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला नि नोकरी मिळवली. दार उघडलं, पण आत बसलेल्यांना ऐकायला कोण शिकवणार? मुलींना नुसतं 'धीट व्हा' सांगून भागत नाही. दुसऱ्या दिवशी टिपणवह्या मी मुलांकडे दिल्या. नियम एकच : मैत्रिणीचा मुद्दा तिच्या नावानिशी मांडायचा, मगच आपला. मुलांना हे जड गेलं. शिबिराचा खरा अभ्यासक्रम तिथूनच सुरू झाला.