नाकापेक्षा मोती जड नको

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात ताईचा फोन आला. आवाजावरूनच कळलं, काहीतरी बिनसलंय. भाचीला पाहायला आलेल्या मंडळींचा मध्यस्थाकडून निरोप होता, "मुलगी पसंत आहे, पण नाकच जरा..." ताई म्हणाली, "हल्ली ऑपरेशन करून नाक छान करून देतात म्हणे. तू चौकशी कर."

मला आधी रागच आला. पण भाचीला विचारलं तर ती म्हणाली, "मावशी, मलाही हवंय. फक्त त्यांच्यासाठी नको." शाळेत असताना सायकलवरून पडून तिच्या नाकाला मार बसला होता. आतला पडदा वाकडा, वर उंचवटा, आणि रात्री एक नाकपुडी बंदच! मग चौकशी केली, डॉक्टरांकडेही जाऊन आलो. कळलं ते तुम्हालाही सांगते.

हे काही परदेशी खूळ नव्हे बरं का. गालाच्या कातडीनं नाक पुन्हा करण्याची रीत सुश्रुतसंहितेत आहे. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्यात कपाळाच्या कातडीचं नाक करून दिलं गेलं. ती हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली, तेव्हा तिकडचे डॉक्टर थक्क झाले. फरक एवढाच, की त्याला गेलेलं नाक परत हवं होतं. आपल्याला असलेलं बदलायचं असतं. म्हणून विचार दुप्पट करायचा.

पहिला प्रश्न, हे कुणाला हवंय? सासूला, नवऱ्याला की स्थळाला? तसं असेल तर थांबा. वयही पाहा. मुलींच्या नाकाची वाढ साधारण पंधरा-सोळाव्या वर्षी पुरी होते, मुलग्यांची सतरा-अठराव्या. त्याआधी केवळ रूपासाठी घाई नको.

दुसरं, नटीचा फोटो घेऊन जाऊ नका. नाक एकटं दिसत नाही, कपाळ-ओठ-हनुवटीसकट दिसतं. हनुवटी मागे असेल तर साधं नाकही मोठं वाटतं. कातडी जाड असेल तर आतून कितीही कोरलं तरी वरून चाफेकळी दिसत नाही. पातळ असेल तर बारीकसा खड्डाही दिसतो. आणि मोबाईल जवळ धरून काढलेल्या फोटोवर विसंबू नका, त्यात नाक आहे त्याहून मोठं येतं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नाक श्वासासाठी आहे. हाड आणि कूर्चा फार काढली तर आतला आधारच जातो. शेंडा चिमटल्यासारखा दिसतो आणि श्वास घेताना नाकपुड्या आत ओढल्या जातात. पाहताक्षणी 'केलेलं' कळतं ते असं नाक. म्हणून जाणते डॉक्टर कमी काढतात, आणि गरज पडली तर पडद्याची, कानाची किंवा बरगडीची कूर्चा लावून आधार देतात.

डॉक्टर निवडताना पदवी पाहा. प्लास्टिक सर्जरीचे तज्ज्ञ हवेत, किंवा याच कामाचा चांगला अनुभव असलेले कान-नाक-घशाचे. आधीचे आणि वर्षानंतरचे, दोन्ही फोटो मागा. भूल कोण देणार, पुन्हा करावं लागलं तर खर्च कुणाचा, हे बिनधास्त विचारा. विमा फक्त रूपासाठी सहसा पैसे देत नाही. पडद्याचा त्रास असेल तर आधी लेखी विचारून घ्या.

चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना सांगा. अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्यांनी रक्त जास्त जातं. तंबाखू आणि हो, मिश्रीसुद्धा, बंद! त्यानं जखम भरायला वेळ लागतो. चमकी काढून ठेवायची.

नंतर साधारण आठवडाभर नाकावर आधारपट्टी असते. डोळ्यांभोवतीचं काळंनिळं दोनेक आठवडे राहतं. काही आठवडे जड उचलायचं नाही, चष्म्याचा भार नाकावर द्यायचा नाही. सूज, विशेषतः शेंड्याची, पुरती उतरायला वर्ष लागतं. तेव्हा लग्न दोन महिन्यांवर आणि आता ऑपरेशन, हा हिशेब चुकीचा. मनासारखं झालं नाही तरी दुसरं ऑपरेशन निदान वर्षभर करत नाहीत.

आमच्या डॉक्टरांनी ताईला जरा बाहेर बसायला सांगितलं. मग भाचीला विचारलं, "बोल, तुला काय हवंय?" ती म्हणाली, "पडदा सरळ करा, उंचवटा थोडा कमी करा. पण शेंड्याला हात लावू नका. तो आजीसारखा आहे."

घरी येताना ताई रिक्षात गप्प होती. संध्याकाळी तिनंच मध्यस्थांना फोन लावला, "मुलीला श्वासाचा त्रास आहे, ऑपरेशन करतोय. वर्षभर लग्नाचं पाहणार नाही." पलीकडून काय उत्तर आलं ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मैत्रिणींनो, करायचं तर जरूर करा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण गरजेपुरतंच करा. नाकापेक्षा मोती जड झाला, तर त्रास नाकालाच!