उत्क्रांती औषधाच्या डब्यात आहे

२०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या नव्या पुस्तकात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणाचे नुसते ‘आनुवंशिकता’ झाले. मुलांवरचे ओझे कमी केले म्हणे. रोजच्या जगण्यात उत्क्रांतीचे काय काम, असे विचारणारे सुशिक्षितही मला भेटतात. त्यांना मी घरातला औषधाचा डबा उघडायला सांगतो. सिप्रोफ्लॉक्सासिनची अर्धी पट्टी बहुधा सापडते.

ही गोळी जिवाणूंना मारते, आपल्याला नाही. का? ई. कोलाय हा जिवाणू जेमतेम दोन मायक्रोमीटरचा आणि त्याचा डीएनए सरळ केला तर दीड मिलिमीटरहून लांब. प्रत काढायला त्याचे दोन पदर सुटे करू लागले की पुढे पीळ चढत जातो. सुतळीचे पदर ओढून पाहा, कळेल. हा पीळ काढायला जिवाणूकडे गायरेज नावाचे विकर आहे. ते धागा कापते, त्या फटीतून दुसरा भाग पार करते आणि कापलेले पुन्हा जोडते. १९७६ साली मार्टिन गेलर्ट आणि सहकाऱ्यांनी ते शोधले. सिप्रोफ्लॉक्सासिन ही शेवटची जोडणीच अडवते.

आपल्या पेशींत पीळ काढणारे टोपोआयसोमरेज २ हे गायरेजच्याच कुळातले. पण वाटा अब्जावधी वर्षांपूर्वी फुटल्या आणि घडण इतकी बदलली, की नेहमीच्या मात्रेचा त्याला फारसा त्रास होत नाही. आर्किया या तिसऱ्या शाखेची तऱ्हा आणखी वेगळी. तिथल्या टोपोआयसोमरेज ६ चा कापणारा भाग या कुळातला नाहीच. त्याचा जवळचा नातलग, स्पो११, आपल्या शरीरात बीजपेशी घडताना गुणसूत्रे कापतो. त्यातूनच आजी-आजोबांचे गुण नव्याने मिसळतात. हे मला कुठल्याही कादंबरीपेक्षा सुरस वाटते.

आता दुसरी बाजू. क्षयाच्या जिवाणूकडे या प्रकारचे विकर एकच, गायरेज. म्हणून औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन ही सिप्रोची भावंडे देतात. गायरेजच्या जनुकात एक बारीक बदल झाला, तरी ती निकामी ठरू शकतात. असा बदल झालेले जिवाणू औषधातून वाचतात आणि वाढतात. ही उत्क्रांतीच, आणि तिला काही महिने पुरतात. जगातले सर्वाधिक क्षयरुग्ण भारतात आहेत. तरीही पोट बिघडले की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय याच घराण्यातल्या दोन गोळ्या घ्यायच्या, हा आपला रिवाज!

बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहे, असे सांगितले जाते. पण दहावीनंतर कला किंवा वाणिज्य घेणाऱ्या मुलीला ती कुठे भेटणार? गोळ्या तर तीही घेणार आहे.