नवा फिल्टर, स्लोचा आवाज आणि गॅरेजची पत

यवतमाळ-धामणगाव रस्त्यावरच्या बाभुळगावात मोटारसायकल ही चैनीची वस्तू नाही. शेतावर जायचे, बेंबळा प्रकल्पाकडच्या गावांतून दूध आणायचे, मुलाला यवतमाळच्या कॉलेजात सोडायचे, सारे तिच्यावरच. या गाड्या दुरुस्त करणाऱ्यांत आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत. म्हणून धंद्याच्या या पानावर आज एका लहानशा वाटणाऱ्या तक्रारीबद्दल लिहावेसे वाटते.

तक्रार अशी. तरुण गिऱ्हाईक नागपूरहून किंवा पार्सलने शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर मागवतो. कंपनीची काळी फिल्टरपेटी काढून तो बसवून घेतो. गाडीचा पिकअप वाढल्यासारखा वाटतो, पोरगा खूश होतो. मग चौकात गाडी स्लोवर उभी केली की सूं सूं, फस फस किंवा टक टक ऐकू येते. मिस्त्री स्क्रू फिरवून रेस थोडी वाढवतो, आवाज दबतो, मजुरी मिळते. पंधरा दिवसांनी गाडी परत दारात, आणि या वेळी पोराबरोबर त्याचा बापही असतो.

आमचे म्हणणे असे की, हा आवाज दाबण्याची वस्तू नाही, शोधण्याची आहे. शोधायला महागडे यंत्र लागत नाही, कान आणि अर्धा तास लागतो.

कंपनीने दिलेली पेटी धूळ अडवते, तसा ती आवाजही गिळते. शंभर सीसीच्या साध्या गाडीची स्लो मिनिटाला साधारण १४०० फेऱ्यांची असते. चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढते, म्हणजे मिनिटाला सातशे वेळा. या सातशे झटक्यांचा आवाज पेटीच्या पोकळीत विरतो. पेटी काढली की तो सरळ बाहेर येतो. तेव्हा थोडा आवाज वाढणे हा बिघाड नव्हे, पेटी काढल्याचा तो परिणाम आहे. फिल्टरच्या तोंडाशी तळहात किंचित आडवा धरावा. आवाजाचा सूर लगेच बदलला, तर तो ओढीचा आवाज आहे आणि त्याला स्क्रूने औषध नाही. हे गिऱ्हाइकाला तिथेच ऐकवून दाखवावे.

खरी काळजी दुसऱ्या आवाजाची. नवा फिल्टर बसवताना कार्बोरेटर मागेपुढे ओढला जातो. अशा वेळी इंजिन आणि कार्बोरेटर यांच्यामधले रबर, जे उन्हाने आधीच तडकलेले असते, ते उघडे पडते किंवा ओ-रिंग जागची सरकते. तिथून आत शिरणाऱ्या हवेत पेट्रोल नसते. पेट्रोल नीट जळायला वजनाने एका भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात. चोरवाटेने हवा वाढली की हा हिशेब बिघडतो. गाडी पळत असताना ते कळत नाही, कारण मुख्य वाट मोठी उघडी असते आणि चोरवाट तिच्यापुढे क्षुल्लक ठरते. स्लोवर मात्र मुख्य वाट जेमतेम उघडी असते आणि चोरवाटेचा वाटा मोठा होतो. म्हणून रेस आपोआप वर-खाली होते, गाडी स्लोवर धरत नाही, थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फट फट होते आणि प्लग पांढरा निघतो.

गळती फिल्टर आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये असेल, तर गोष्ट वेगळी. तिने मिश्रण फारसे बिघडत नाही, पण धूळ गाळल्याशिवाय आत जाते. क्लिप ढिली राहिली किंवा फिल्टरचे तोंड एक माप मोठे निघाले की हे होते. आवाज लहान आणि नुकसान मोठे, असा हा प्रकार आहे. मोठे तोंड आवळत बसण्यापेक्षा बरोबर मापाचा फिल्टर मागवायला सांगावे.

गळती शोधायची जुनी रीत अजूनही चांगली आहे. रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे टोक जोडाजोडांवरून फिरवावे. गाडी स्लोवर ठेवून संशयाच्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारावा. इंजिन अडखळले, तर चोर तिथेच आहे. काही जण पेट्रोल किंवा क्लीनर फवारतात. तापलेल्या इंजिनावर ते करू नये, गॅरेजला आग लागायला एवढे पुरते.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात, ती म्हणजे पेटीला जोडलेल्या नळ्या. एक इंजिनाच्या पोटातली वाफ पेटीत आणणारी. ती मोकळी सोडली की फस फस होते, इंजिनावर तेलाचा थर बसतो आणि त्यावर आपल्या काळ्या मातीची धूळ. बऱ्याच गाड्यांत दुसरीही एक नळी असते. उरलासुरला धूर जळावा म्हणून ती सायलेन्सरच्या वाटेत ताजी हवा सोडते. तिचे तोंड उघडे राहिले की आतली पातळ पट्टी स्लोवर फडफडते. मिस्त्री टापेट उघडून बसतो आणि आवाज येत असतो त्या नळीतून. पेटी काढण्याआधी तिला किती नळ्या आहेत ते मोजावे आणि प्रत्येकीची सोय केल्याशिवाय गाडी द्यावी नाही. वाफेच्या नळीला छोटा फिल्टर मिळतो, किंमत फार नसते.

टक टक हा मात्र बहुधा नव्या फिल्टरचा गुन्हा नसतो. टापेटचा किंवा टायमिंग चेनचा आवाज आधीपासून असतो. मालकाने फिल्टर बसवल्यावर कान लावून ऐकायला सुरुवात केली, म्हणून तो आज कळला. टापेट थंड इंजिनावर कंपनीच्या मापाने बांधावे. कानाला गोड लागेल इतके आवळले, तर व्हॉल्व्ह जळतो.

आता स्क्रूविषयी. रेस वाढवून आवाज लपवणे ही गिऱ्हाइकाच्या पेट्रोलची चोरी आहे, शब्द कडक वाटला तरी. मिश्रणाचा स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवणारेही आहेत. त्यांनी लक्षात ठेवावे की पेट्रोल गाडीची पीयूसी तपासणी स्लोवरच होते आणि कार्बन मोनॉक्साइड तिथेच मोजला जातो. गाडी नापास झाली की गिऱ्हाईक पीयूसीवाल्याशी भांडत नाही, आपल्याकडे येतो. सायलेन्सर कापून देण्याबद्दल तर बोलायलाच नको. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात गाडीत बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला एकेका फेरफाराबद्दल पाच हजारांपर्यंत दंड आहे आणि कैदही होऊ शकते. फिल्टरबरोबर सायलेन्सरही बदलून दे म्हणणाऱ्या पोराला हा आकडा सांगावा.

आमचे मत विचाराल, तर या भागात असा उघडा फिल्टर बसवूच नये. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास हवेत सरकी-कापसाचे तंतू तरंगतात, पांदण रस्त्यांवर घोट्याएवढी धूळ असते, आणि पावसाळ्यात उघडा फिल्टर चाकाने उडवलेले पाणी थेट पितो. गंमत अशी की चांगल्या प्रतीचे हे फिल्टर कापसाच्याच गाजेचे असतात, तेल लावलेल्या. अमेरिकेतल्या ज्या कंपनीने ते जगभर पोचवले ती १९६९ ची. तेल नीट लावले आणि वेळेवर धुतले तर वस्तू वाईट नाही. पण बाजारात तिची नक्कल शे-दोनशेत मिळते, तिच्यातून उजेड आरपार दिसतो. आणि शंभर सीसीच्या गाडीला याने कळण्याजोगी ताकद मिळत नाही. वाढतो तो आवाज. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो, बस.

तरीही कोणी हट्ट धरला, तर बसवून द्यावे की नाही? आमच्या मते द्यावे, पण ऐब आधी सांगून. हुजूर (स.अ.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली आणि विक्रेत्याला जाब विचारला, हा प्रसंग आपल्या घराघरांत मुलांना सांगितला जातो. तो फक्त धान्यवाल्यांसाठी आहे, असे कोणी समजू नये. आवाज वाढेल, धूळ जाईल, पंधरा दिवसांनी क्लिपा बघायला या, ही तीन वाक्ये बोलायला पैसे पडत नाहीत. एका वहीत ती लिहून गिऱ्हाइकाची सही घेतली, तर पुढचा तंटा मिटतो. दुसरीकडे, शोधण्याच्या अर्ध्या तासाची मजुरी मागायला आपले मिस्त्री लाजतात आणि मग नसलेला पार्ट बिलात घालतात. हे उलटे आहे. दोष शोधणे हेच उस्तादाचे हुनर. त्याची मजुरी हलाल आहे, ती उघड मागावी.

एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्या बीएस-६ च्या आहेत. मोटारसायकलींत कार्बोरेटरची जागा बहुतेक इंजेक्शनने घेतली आहे. तिथे फिरवायला मिश्रणाचा स्क्रूच नाही. सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. चोरवाटेची हवा तो काही मर्यादेपर्यंत झाकतो, मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. स्कॅनर लावला की तो मिश्रण बिघडल्याचे सांगतो, पण कुठले रबर तडकले ते सांगत नाही. त्यासाठी शागीर्दाच्या हाती तीच रबरी नळी आणि तोच पाण्याचा फवारा द्यावा लागतो. दोन-तीन गॅरेजवाल्यांनी भागीत एक स्कॅनर घ्यायला हरकत नाही. एकट्याला तो परवडेपर्यंत थांबलात, तर गिऱ्हाईक यवतमाळच्या शोरूमकडे वळलेले असेल.

आणि काढलेली कंपनीची पेटी भंगारात टाकू नये. गाडीचा नंबर लिहून, पिशवीत घालून ती मालकाच्या हाती द्यावी. ती त्याची अमानत आहे, आणि मृगाचा पहिला पाऊस झाला की बहुतेक जण ती परत बसवून घ्यायला येतात.