चेंडू हाती दिला, नायकपद कोणाला?



आपल्या वस्तीतील मुलगा धावण्याच्या शर्यतीत पहिला येतो, मुलगी खो-खोच्या सामन्यात शाळेला ढाल मिळवून देते, तेव्हा गावचे पुढारी व्यासपीठावर येऊन त्यांच्या गळ्यात हार घालतात. आपल्याला धन्यता वाटते, आणि ती वाटणे रास्तही आहे. परंतु त्या टाळ्यांच्या कडकडाटात एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो. ज्या संघासाठी आपले मूल घाम गाळते त्या संघाचा नायक कोण, आणि तो नायक निवडतो कोण? हा प्रश्न किरकोळ नाही. बाळू पालवणकर ह्या थोर क्रिकेटपटूच्या आयुष्याने तो उभा केला आहे. त्या हकीकतीचे धागे साताऱ्याशी आणि सांगलीशी जुळलेले आहेत, म्हणून ती आपल्यापुढे ठेवीत आहे.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. पालवणी हे कोकणातील त्यांचे मूळ गाव. वडील लष्कराच्या नोकरीत असल्यामुळे कुटुंब पुण्यास आले. तेथे पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात मैदान झाडण्याच्या आणि खेळपट्टी राखण्याच्या कामावर महिना ३ रुपयांवर बाळू लागले. १८९२च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर गेले. तेथील गोऱ्या खेळाडूंना सरावासाठी कोणीतरी चेंडू टाकावयास हवा होता. तो बाळूंनी टाकला, महिनेच्या महिने, तासन्‌तास. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज स्वतःला बाद केल्याबद्दल प्रत्येक वेळी त्यांना ८ आणे देत असे, असे सांगतात. डाव्या हाताची त्यांची संथ फिरकी ह्या सरावाने अशी तयार झाली की तिच्यापुढे भल्याभल्यांची तारांबळ उडे. पण ध्यानात घ्या, एवढ्या वर्षांत त्या जाळीत त्यांच्या हाती बॅट म्हणून कोणी दिली नाही. चेंडू टाकणे हे चाकराचे काम आणि फलंदाजी हा साहेबाचा मान, अशी ती वाटणी होती.

पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांस हरविण्याची ईर्ष्या वाटू लागली. तेव्हा ह्या ‘अस्पृश्य’ गोलंदाजावाचून तरणोपाय नाही हे त्यांना उमगले. कुरबुर झाली, परंतु बाळू संघात आले. मैदानावर सवर्ण खेळाडू तोच चेंडू हाताळीत. चहाची वेळ झाली की मात्र बाळूंचा चहा मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात येई आणि जेवण निराळ्या ताटात, निराळ्या जागी वाढले जाई. चेंडूला लागलेला हात चालत होता. पेल्याला लागलेला चालत नव्हता!

हा पुण्याचा संघ एकदा साताऱ्यास गेला. सातारा जिमखाना त्या काळी गोऱ्यांचा. बाळूंची फिरकी निष्प्रभ व्हावी म्हणून यजमानांनी खेळपट्टीवर कित्येक दिवस रूळ फिरवून ती गुळगुळीत करून ठेवली होती. तरीही बाळूंनी ७ बळी घेतले आणि संघाने विजय मिळविला. पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांचा जाहीर गौरव केला. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवावयास काय हरकत, हा त्यांचा सवाल सवर्णांना निरुत्तर करणारा होता.

वाचकहो, आता ह्या विजयाशेजारी आपल्याला पाठ असलेली दुसरी घटना ठेवून पाहा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्याच साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर ह्या मुलाचे नाव दाखल झाले. तो मुलगा वर्गात घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसे, आणि शिपायाने नळ सोडल्याखेरीज त्याला पाणी मिळत नसे. बाळूंचे ७ बळी त्या मुलाला घोटभर पाणी मिळवून देऊ शकले नाहीत. एका गुणवंताचा गौरव आणि एका समाजाचे हक्क ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे सातारकरांना तरी वेगळे सांगावयास नको.

प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईस आले आणि हिंदू जिमखान्याचे प्रमुख गोलंदाज झाले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. त्या सामन्यात बाळूंनी ८ बळी घेतले. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात चीत केल्याचा आनंद सर्व देशभर झाला. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ पुष्कळदा हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी मिळविले. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, आणि प्रत्येक बळीमागे जेमतेम १५ धावा, असा त्यांचा हिशेब आहे.

एवढी कर्तबगारी असताना हिंदू संघाचे नायकपद त्यांना कधी मिळाले? कधीच नाही. वर्षामागून वर्षे गेली, पुष्कळ कमी योग्यतेची माणसे नायक झाली, आणि बाळू चेंडू टाकीत राहिले. हात कुशल असू शकतो, परंतु आज्ञा देणारे डोके उच्च कुळातलेच हवे, हा त्यामागचा न बोललेला नियम होता.

हा नियम मोडला कसा, हे नीट पाहिले पाहिजे. १९२०च्या चौरंगी सामन्यांत नायक एम. डी. पै आजारी पडले. बाळूंना वगळण्यात आले, आणि नायकपदासाठी पालवणकर बंधूंना पुन्हा डावलले गेले. तेव्हा त्यांचे भाऊ शिवराम व विठ्ठल यांनी संघातून अंग काढून घेतले आणि हा जातीचा अपमान आहे असे जाहीरपणे सांगितले. संघाला त्यांची गरज होती. अंतिम सामन्यासाठी तिघांनाही सन्मानाने बोलवावे लागले. बाळू उपनायक झाले, आणि पै मैदानाबाहेर गेले असता काही काळ त्यांनी संघाचे नेतृत्वही केले. पुढे १९२३ साली विठ्ठल नायक झाले आणि त्यांच्या हाताखाली हिंदूंनी युरोपियनांना हरविले. वीस-पंचवीस वर्षांच्या इमानी सेवेने जे मिळाले नाही, ते एका नकाराने मिळावयास सुरुवात झाली.

हे दुखणे केवळ आपल्याच देशाचे आहे, असे समजू नका. अमेरिकेत फुटबॉल नावाचा जो खेळ आहे, त्यात अकरा जणांच्या संघात क्वार्टरबॅक नावाचा एक खेळाडू असतो. प्रत्येक चढाईचा बेत तो सहकाऱ्यांना सांगतो आणि चेंडू कोणाकडे फेकावयाचा तेही तोच ठरवितो. ही जागा डोक्याची व हुकमतीची, म्हणून ती गोऱ्यांची, असे तेथे दीर्घकाळ मानले गेले. काळ्या खेळाडूंना धावण्याच्या नि अडविण्याच्या जागा मिळत. डग विल्यम्स हा काळा क्वार्टरबॅक १९७८ साली टँपा बे संघात गेला. त्याने त्या दुबळ्या संघाला वर आणले, परंतु क्वार्टरबॅक म्हणून खेळणाऱ्या इतरांच्या मानाने त्याचा पगार फारच तुटपुंजा होता. योग्य मोबदला नाकारला गेल्यावर तो संघ सोडून गेला. पुढे ३१ जानेवारी १९८८ रोजी वॉशिंग्टनच्या संघाकडून त्याने सुपर बोल ही अंतिम लढत ४२-१० अशी जिंकून दिली आणि त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या लढतीत दोन्ही संघांचे क्वार्टरबॅक काळे असण्यास मात्र २०२३ साल उजाडावे लागले. बाळू आणि विल्यम्स यांच्यामध्ये सात समुद्र आहेत. पण दोघांना नडलेला नियम एकच.

सांगलीच्या वाचकांना आणखी एक उदाहरण घरचेच आहे. विजय हजारे यांचा जन्म १९१५ साली सांगलीत झाला. ते ख्रिस्ती. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन अशा धर्मवार संघांत त्यांना जागा नव्हती. पंचरंगी सामन्यांत ते ‘इतर’ ठरले. १९४३च्या अंतिम सामन्यात ह्या ‘इतरां’च्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्या हजारे यांच्या होत्या. धर्मवार सामने १९४६ नंतर बंद पडले. फेब्रुवारी १९५२ मध्ये भारताने मद्रासला इंग्लंडवर आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हा नायक होते हेच सांगलीचे हजारे. माणूस तोच, गुणही तेच. ज्या चौकटीत त्याला ‘इतर’ म्हटले जाई ती चौकट बदलली होती.

येथे कोणी विचारील, ज्या बाळूंनी १९३२च्या पुणे करारात गांधीजींची बाजू घेतली आणि १९३७च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसतर्फे खुद्द बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले, त्यांचे गुणगान आपण का करावे? प्रश्न रास्त आहे. मतदारांनी तेव्हा बाबासाहेबांना निवडून देऊन निकाल लावलेला आहे. परंतु राजकारणातील मतभेदापायी आपल्याच कष्टकरी घरातून वर आलेला माणूस विसरावयाचा, हे शहाणपण नव्हे. सवर्णांचे मन हळूहळू पालटेल असा बाळूंचा विश्वास होता. हक्क मागूनच मिळवावे लागतात हा बाबासाहेबांचा सिद्धांत. आणि गंमत अशी की, बाळूंच्या स्वतःच्या कारकीर्दीने साक्ष दिली आहे ती बाबासाहेबांच्या सिद्धांताची! बाळू ४ जुलै १९५५ रोजी निवर्तले. त्यांचे चरित्र आपल्या मुलांनी वाचावे, आणि संपूर्ण वाचावे.

तेव्हा मातापित्यांनो, मुलांना खेळू द्या. मुलींनाही मैदानावर पाठवा. कोणी त्यांचे कौतुक केले तर ते नम्रपणे स्वीकारा. परंतु संघाची यादी लागेल त्या दिवशी शाळेत जाऊन शांतपणे चौकशी करा, की नायक कोणत्या कसोटीवर निवडला, प्रवासात सर्व मुले एका पंगतीत जेवली की नाही, आणि निवड समितीवर आपल्यापैकी कोणी आहे की नाही. उत्तर समाधानकारक नसेल तर लेखी अर्ज द्या, आणि चार घरे मिळून द्या. शिवराम आणि विठ्ठल हे दोघे भाऊ होते म्हणून त्यांचा नकार ऐकला गेला. एकट्याचा कदाचित ऐकला गेला नसता.