जंगल कोणाच्या नावावर?

उद्याचं जग कसं असेल, असं कुणी विचारलं की आपल्या डोळ्यांसमोर उडत्या गाड्या आणि धुणी-भांडी करणारे रोबो येतात. पण कथा-कादंबऱ्यांचा एक प्रकार असाही आहे, ज्यात उद्याचं जग भयाण दिसतं. नद्या आटलेल्या, हवा विषारी, माणसं भिंतींच्या आड लपलेली आणि सत्ता मूठभरांच्या हाती. इंग्रजीत त्याला ‘डिस्टोपिया’ म्हणतात, आपण दु:स्वप्नकथा म्हणू या. गेल्या पन्नास वर्षांत अनेक मोठ्या लेखिकांनी अशा कथा लिहिल्या. त्यांत एक गोष्ट पुन:पुन्हा दिसते. जमीन नासते तेव्हा बाईचं जिणंही नासतं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला या गोष्टी परक्या वाटू नयेत, असं मला वाटतं.

कॅनडाच्या मार्गारेट अ‍ॅटवुड यांची ‘द हँडमेड्स टेल’ ही कादंबरी १९८५ ची. प्रदूषणानं देश पोखरला आहे, मुलं जन्माला येईनाशी झाली आहेत. मग नवं सरकार काय करतं? ज्या बायका मूल देऊ शकतात त्यांना बड्या अधिकाऱ्यांच्या घरी ठेवतं आणि ज्या ऐकत नाहीत त्यांना विषारी कचरा उपसायला पाठवतं. नायिकेला स्वत:चं नावही उरत नाही. मालकाचं नाव फ्रेड, म्हणून ती ‘ऑफ्रेड’, म्हणजे ‘फ्रेडची’. पण मला जास्त हादरवून गेली ती सुरुवात. शरीरावर हक्क सांगण्याआधी सरकार बायकांची बँक खाती गोठवतं आणि नोकऱ्या काढून घेतं. आधी कागदावरून नाव जातं, मग बाकी सगळं जातं.

अमेरिकेच्या ऑक्टेव्हिया बटलर यांची ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ १९९३ ची. तिच्यातला काळ आहे २०२४ पासूनचा, म्हणजे आपण नुकताच ओलांडलेला. पाणी पेट्रोलहून महाग झालंय. पंधरा वर्षांची लॉरेन पळून जायची वेळ येईल हे ओळखून गाठोडं बांधून ठेवते. त्यात बियाणं असतं. कोणती रानवनस्पती खाता येते, कोणती औषधी, हे ती पुस्तकं वाचून शिकते. शेवटी उरलेली माणसं मेलेल्यांच्या आठवणीत झाडं लावतात.

ही गोष्ट मी बचत गटाच्या बैठकीत सांगितली, तर बायका हसायला लागल्या. एक आजी म्हणाल्या, ‘‘पुस्तकात वाचून शिकली? मंग तिची आजी काय करत होती वो बाई?’’

त्या हसण्यात मोठा अर्थ आहे. आपल्याकडे हे ज्ञान अजून जिवंत आहे. पावसाळ्यात सात्या कुठे उगवतील, वास्ते कोवळे असताना किती काढायचे, मोहफुलं कधी वेचायची, हे इथल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या आदिवासी बायकांकडून झाडांविषयी जे ऐकलं, त्याचं पुस्तक केलं. त्याचं नाव ‘गोईण’, म्हणजे मैत्रीण. झाडाला मैत्रीण म्हणणारी ही संस्कृती आहे.

बाई आणि निसर्ग यांचं हे नातं मांडणाऱ्या विचाराला पर्यावरणीय स्त्रीवाद म्हणतात. हा शब्द फ्रान्सच्या फ्रान्स्वाज द’ओबोन यांनी १९७४ मध्ये वापरला. त्याच वर्षी उत्तराखंडच्या रेणी गावात गौरादेवी आणि त्यांच्या सख्या झाडांच्या आड उभ्या राहिल्या. पुढे वंदना शिवा यांनी मांडलं की निसर्गाची लूट आणि बाईची लूट एकाच वृत्तीतून होते. दोघींनाही फुकटात मिळणारी वस्तू समजलं जातं.

पटतं ना? मलाही पटतं. पण इथे एक धोका आहे. ‘बाई म्हणजेच धरती, बाई म्हणजेच माता’ असं म्हणत आपली आरती ओवाळली जाते आणि मग जंगल सांभाळायचं कामही आपल्याच डोक्यावर बसतं. अर्थतज्ज्ञ बीना अग्रवाल यांनी १९९२ मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवलं. बाईचं जंगलाशी नातं जन्मानं येत नाही, ते तिच्या रोजच्या कामातून येतं. सरपण, पाणी, चारा आणणारी ती असते म्हणून जंगल तुटलं की पहिला फटका तिला बसतो. आणि जमिनीच्या कागदावर तिचं नाव नसतं, म्हणून निर्णयात तिला कुणी विचारत नाही.

आता आपल्या भागाकडे बघा. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी केली, त्यात चंद्रपूर चौथं होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घूसला अमराई वॉर्डात एक राहतं घर बघता बघता जमिनीत गडप झालं. खाली कोळशाची जुनी खाण होती. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्याच महिन्यात गडचिरोलीच्या सुरजागड भागात लोहखनिज प्रकल्पासाठी सुमारे ९३७ हेक्टर वनजमीन वळवायला आणि टप्प्याटप्प्यानं लाखावर झाडं तोडायला केंद्राकडून मंजुरी मिळाल्याच्या बातम्या आल्या. यातली एकेक गोष्ट कादंबरीत घातली असती तर आपण म्हटलं असतं, लेखिकेनं अतिशयोक्ती केली.

मी विकासाच्या विरोधात नाही. वीज आपल्याला हवी, पोरांना नोकरी हवी. पण तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटेच्या अंधारात जंगलात कोण शिरतं? वाघाच्या वाटेवर वाकून पानं कोण तोडतं? राखेनं माखलेले कपडे पुन्हा पुन्हा कोण धुतं? आणि प्रकल्पाच्या बैठकीत पुढच्या खुर्च्यांवर कोण बसतं? या प्रश्नांची उत्तरं जोवर वेगवेगळी आहेत, तोवर दु:स्वप्नकथेचं पहिलं प्रकरण इथे सुरू झालं आहे, असंच म्हणावं लागेल.

सुदैवानं याच मातीत दुसरी गोष्टही लिहिली गेली. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा या गावाची. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला तरी बांबू विकायची वाहतूक परवानगी मिळेना. ती एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत गावाच्या हाती आली. इथे बायका ग्रामसभेला बसतात आणि निर्णय सर्वसहमतीनं होतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हक्क मिळाला. त्या ग्रामसभेनं तर तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. चांगली पानं यावीत म्हणून फांद्या छाटायच्या, आगी लावायच्या, त्यानं जंगलाचं नुकसान होतं, हे त्यामागचं कारण. गावानं बांबूवर भर दिला. रोख पैसा देणारं पीक स्वत:हून सोडायचं धाडस कोणाला होतं? उद्याही हे जंगल आपलंच आहे याची ज्याला खात्री असते, त्यालाच.

या गावांत सगळं आलबेल आहे असं नाही. पण फरक कशानं पडला ते स्पष्ट आहे. झाडांवरचं प्रेम आधीही होतं, ज्ञानही होतं. नवा आला तो हक्काचा कागद आणि ग्रामसभेतला आवाज. अ‍ॅटवुडच्या कादंबरीत जे पहिल्यांदा काढून घेतलं जातं, तेच इथे परत मिळालं.

म्हणून मैत्रिणींनो, नुसतं हळहळून चालणार नाही. वनहक्काच्या वैयक्तिक पट्ट्यावर नवरा-बायको दोघांची नावं हवीत, असं कायदाच सांगतो. वनहक्कासाठीच्या ग्रामसभेत हजर असलेल्यांपैकी किमान एक तृतीयांश बायका हव्यात, हा २०१२ पासूनचा नियम आहे. आपल्या माहेरी, सासरी, कामाला येणाऱ्या बाईच्या गावी हे पाळलं जातं का, एवढं तरी विचारा. सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायची लक्ष्मीमुक्ती योजना आहे, ती घरात बोलून दाखवा.

आणि आपण शहरात राहणाऱ्या? मोठी खाण किंवा कारखाना येण्याआधी बहुतेक वेळा जनसुनावणी घ्यावी लागते आणि तिची सूचना किमान तीस दिवस आधी स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात छापावी लागते. ती सूचना कुठल्याशा आतल्या पानावर, बारीक अक्षरांत असते. पाककृती आणि राशिभविष्य वाचून झालं की तेही पान उलटून बघत जाऊ या. तारीख लिहून ठेवू या, चार जणी मिळून जाऊ या आणि बोलून येऊ या. आपण काय बोललो ते इतिवृत्तात नोंदवून घ्यायला मात्र विसरायचं नाही.